एफसी मिट्युलँड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपा लीगचे सामने ठरले किंवा इंग्लंडच्या ब्रेंटफर्ड क्लबचा एखादा खेळाडू चमकला, की डेन्मार्कच्या या फुटबॉल क्लबबद्दल मराठी वाचकांचे प्रश्न सुरू होतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी आणली आहेत. सुरुवातीला प्राथमिक प्रश्न आहेत, गुंतागुंतीचे पुढे. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे आला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मिट्युलँड हे कोणतं शहर आहे? नकाशात सापडत नाही.

सापडणार नाही, कारण ते शहराचं नाव नाही. जर्मनीच्या उत्तरेला जटलंडचं द्वीपकल्प आहे, त्याच्या मधल्या पट्ट्याला मिट्युलँड म्हणतात. क्लबचं स्टेडियम हर्निंगमध्ये आहे. हर्निंगची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास, आणि तिथून पूर्वेला थोड्याच अंतरावर इकास्ट हे त्याहून बरंच लहान गाव. हा मुलूख एके काळी रेताड माळरानाचा, शेतीला कंजूष. लोक लोकर विणून पोट भरत आणि त्यातूनच दोन्ही गावांत कापडाचा धंदा उभा राहिला. कोपनहेगनहून रेल्वेने निघालात तर हर्निंगला पोहोचायला तीन तासांहून अधिक वेळ लागतो. राजधानीपासूनचं हे अंतर क्लबच्या स्वभावात मुरलेलं आहे.

२. कोणते दोन क्लब एकत्र आले आणि कधी?

इकास्ट एफएस (स्थापना १९३५) आणि हर्निंग फ्रेमाड (स्थापना १९१८). नव्या क्लबचा जन्म १ जुलै १९९९ चा. दोघांपैकी फुटबॉलमध्ये मोठा इकास्ट. १९८७ मध्ये तो डॅनिश लीगमध्ये दुसरा आला होता, आणि १९८६, १९८९ व १९९७ अशा तीन वेळा डॅनिश चषकाच्या अंतिम सामन्यात हरला होता. हर्निंग फ्रेमाडच्या खाती असं काही नव्हतं, पण त्याच्या मागे मोठं शहर होतं.

पुढाकार घेणारी माणसं राजकारणी नव्हती, स्थानिक व्यावसायिक होती. इकास्टच्या बाजूने मोटारींचे विक्रेते स्टीन हेसेल आणि हर्निंगच्या बाजूने उद्योजक यॉनी रूने. पहिले प्रशिक्षक होते ओवे पेडरसन.

३. शेजारी गावांचे क्लब एकमेकांचे वैरी असतात. मग हे जमलं कसं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून उत्तर जरा लांब आहे.

इकास्ट १९९८ मध्ये सुपरलीगातून, म्हणजे डेन्मार्कच्या सर्वांत वरच्या श्रेणीतून, खाली घसरला. एवढ्याशा टापूत दोन क्लब, दोघे एकाच प्रेक्षकाच्या आणि एकाच प्रायोजकाच्या दारात उभे. एक वर आला तरी टिकत नव्हता, दुसरा वर येतच नव्हता. तिकडे कोपनहेगनमध्ये १९९२ सालीच दोन जुन्या क्लबांनी एकत्र येऊन दाखवलं होतं (प्रश्न १३). त्यामुळे हिशेब सोपा होता, अवघड होता तो मान. आमचं नाव, आमचा रंग, आमचं मैदान यांपैकी कोण काय सोडणार?

यातून त्यांनी काढलेली वाट मला फार शहाणपणाची वाटते. नावात ना इकास्ट आलं ना हर्निंग, संपूर्ण प्रदेशाचं नाव घेतलं. रंग काळा-लाल ठरला. एका गावाने दुसऱ्याला गिळलं असं कुणाला वाटू नये, याची काळजी पहिल्या दिवसापासून घेतली गेली. पुढे स्टेडियम हर्निंगमध्ये झालं आणि अकादमी इकास्टमध्ये. ही वाटणी वरवर किरकोळ दिसते, पण युरोपातली कितीतरी विलीनीकरणं नेमकी अशाच मुद्द्यांवर फुटली आहेत.

निकालही लगेच दिसला. १९९९-२००० च्या पहिल्याच हंगामात संघाने दुसऱ्या श्रेणीची लीग जिंकली आणि सुपरलीगात प्रवेश मिळवला. वर आल्यावर पहिल्या वर्षी चौथा आणि दुसऱ्या वर्षी तिसरा क्रमांक मिळाला. लोकांची मनं वळली असतील तर ती या दोन वर्षांत.

४. विलीनीकरण झालं म्हणजे जुने दोन्ही क्लब बंद पडले का?

नाही. इथेच बहुतेकांचा घोळ होतो. डेन्मार्कमध्ये असं विलीनीकरण सहसा फक्त वरच्या मजल्याचं असतं. व्यावसायिक संघ वेगळा काढून त्याची मर्यादित कंपनी करतात, आणि लहान मुलांचे, हौशी प्रौढांचे संघ जुन्या क्लबांकडेच राहतात. या जुन्या क्लबांना तिथे मातृक्लब म्हणतात. कंपनी बुडाली किंवा विकली गेली, तरी गावातल्या सात वर्षांच्या मुलाचा मंगळवारचा सराव चुकत नाही.

म्हणून ‘इकास्ट संपवून मिट्युलँड झाला’ हे वाक्य चूक आहे. संपला तो इकास्टचा व्यावसायिक संघ.

५. आतापर्यंत किती विजेतेपदं आहेत? जुन्या क्लबांची त्यात धरतात का?

२०२५ अखेरपर्यंत चार लीग विजेतेपदं: २०१५, २०१८, २०२० आणि २०२४. प्रशिक्षक अनुक्रमे ग्लेन रिडर्सहोम, येस थोरूप, ब्रिअन प्रिस्के आणि थॉमस थॉमसबर्ग. डॅनिश चषक दोन: २०१९ मध्ये ब्रॉन्बीविरुद्ध, २०२२ मध्ये ओडेन्सच्या ओबीविरुद्ध. दोन्ही अंतिम सामने पेनल्टी शूटआऊटवर गेले होते.

जुन्या क्लबांचं काहीही धरत नाहीत. मिट्युलँडच्या बाबतीत धरण्यासारखं विजेतेपद नव्हतंही. इकास्टने अंतिम सामने हरले होते, चषक उचलला नव्हता. खरा वाद होतो तो कोपनहेगनच्या बाबतीत, तो प्रश्न १३ मध्ये पाहा.

६. १९९९ चा क्लब, मग पहिलं विजेतेपद २०१५ मध्ये का?

मधली वर्षं रिकामी गेली नव्हती. २००७ आणि २००८ अशी सलग दोन वर्षं लीगमध्ये दुसरा क्रमांक. चषकाचे चार अंतिम सामने गमावले: २००३, २००५, २०१० आणि २०११. ऑगस्ट २००८ मध्ये यूएफा चषकाच्या पात्रता फेरीत मँचेस्टर सिटीला त्यांच्याच मैदानावर १-० ने हरवलं, घरी त्याच फरकाने हरले आणि पेनल्टीवर बाहेर पडले. दारापर्यंत जायचं आणि उंबऱ्यावरून परतायचं, अशी ती वर्षं. समर्थक त्या काळाबद्दल आजही हळवे होतात.

शिवाय क्लबवर आर्थिक ओढाताणीचीही वेळ आली होती. त्यातून बाहेर काढणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे अकादमी (प्रश्न ७) आणि २०१४ मधला मालकबदल (प्रश्न ९).

७. अकादमीचं एवढं कौतुक का होतं?

कारण मिट्युलँडने २००४ मध्ये निवासी अकादमी काढली तेव्हा डेन्मार्कमध्ये तशी दुसरी नव्हती. मुलं तिथेच राहायची, शाळा आणि फुटबॉल दोन्ही एकाच वेळापत्रकात. क्लाउस स्टाइनलाइन यांचा त्यात मोठा वाटा, आणि डोळ्यांसमोर नमुना होता फ्रान्सच्या नान्त क्लबचा.

पहिल्याच तुकडीतली एक हकीकत तिथे प्रशिक्षक असलेल्या रास्मुस आंकर्सन यांनी पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. तुकडीत एक जागा उरली होती. क्लबचं किट सांभाळणाऱ्या माणसाचा मुलगा होता पंधरा वर्षांचा, त्याला घेऊन टाकलं. काही महिन्यांनी प्रशिक्षकांना सांगण्यात आलं की यातली कोणती मुलं सर्वांत पुढे जातील त्यांची नावं कागदावर लिहा. कागद पाकिटात बंद करून ठेवले. काही वर्षांनी पाकीट उघडलं तेव्हा त्या मुलाचं नाव एकाही कागदावर नव्हतं. तो मुलगा सिमॉन केअर. २००८ मध्ये तो इटलीच्या पालेर्मोला विकला गेला, पुढे एसी मिलानकडून २०२२ मध्ये इटालियन लीग जिंकला, आणि डेन्मार्कचा कर्णधार झाला. जून २०२१ मध्ये मैदानावर डेन्मार्कच्या संघातला सहकारी क्रिस्टियन एरिक्सन कोसळला तेव्हा सर्वांत आधी त्याच्याकडे धावलेल्यांपैकी एक, आणि मग त्याच्या पत्नीला धीर देणारा, तो हाच केअर.

आपल्याकडे चौदा-पंधराव्या वर्षी मुलांवर ‘होणार’ किंवा ‘नाही होणार’ असा शिक्का मारणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाने ही हकीकत वाचावी, असं मला मनापासून वाटतं.

त्याच परिसरात घडलेला विन्स्टन रीड न्यूझीलंडसाठी २०१० च्या विश्वचषकात स्लोव्हाकियाविरुद्ध भरपाई वेळेत बरोबरीचा गोल करून गेला. पिओने सिस्टोचा जन्म युगांडातला, आईवडील दक्षिण सुदानचे, तो वाढला आणि घडला डेन्मार्कमध्ये.

८. संघात नेहमी नायजेरियाचे खेळाडू कसे असतात?

नायजेरियातल्या एफसी एबेदेई या क्लबशी मिट्युलँडची जुनी भागीदारी आहे. तिथले होतकरू खेळाडू हर्निंगला येतात, जमलं तर राहतात आणि पुढे मोठ्या क्लबला विकले जातात. पॉल ओनुआचू आणि फ्रँक ओनयेका ही त्यातली ठळक नावं. ओनुआचू २०१९ मध्ये बेल्जियमच्या गेंककडे गेला, ओनयेका २०२१ मध्ये ब्रेंटफर्डकडे.

९. ‘आकडेवारीवर चालणारा क्लब’ म्हणतात ते खरं की प्रसिद्धी?

खरं आहे, पण अर्धंच सांगितलं जातं.

२०१४ च्या उन्हाळ्यात मॅथ्यू बेनहॅम यांनी क्लबची बहुसंख्य मालकी घेतली. बेनहॅम इंग्लंडचे, ब्रेंटफर्डचे मालक, आणि फुटबॉलवरील पैजांसाठी संख्याशास्त्र वापरणाऱ्या स्मार्टऑड्स कंपनीचे संस्थापक. अध्यक्षपदी आले प्रश्न ७ मधलेच रास्मुस आंकर्सन. ते हर्निंगचेच, मिट्युलँडकडून खेळायला लागताच गुडघा गेला आणि कारकीर्द संपली.

त्यांनी काय बदललं? गुणतालिका खोटं बोलू शकते, हे धरून चालले. संघ जिंकला की हरला यापेक्षा त्याने किती चांगल्या संधी निर्माण केल्या आणि प्रतिस्पर्ध्याला किती दिल्या, हे मोजायला लागले. खेळाडू घेतानाही तेच. जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीतल्या ग्रॉयथर फ्युर्थकडून फिनलंडचा मिडफिल्डर टिम स्पार्व आणला तो त्या संघाची गुणवत्ता गणितात उजवी दिसली म्हणून. लोक जिथे बघत नव्हते तिथे हे बघत होते. पुढच्याच मोसमात विजेतेपद आलं.

अर्धं राहतं ते असं: ही गणितं चालवायला खेळाडू होते अकादमीतले, आणि ती अकादमी बेनहॅम येण्याच्या दहा वर्षं आधीची. संगणकाने क्लब घडवला असं म्हणणं हे इकास्ट आणि हर्निंगच्या माणसांवर अन्याय करणारं आहे.

१०. थ्रो-इनसाठी वेगळा प्रशिक्षक खरंच असतो?

असतो. थॉमस ग्रॉनेमार्क. २०१० मध्ये त्यांनी ५१.३३ मीटर लांब थ्रो-इनचा जागतिक विक्रम केला होता. मिट्युलँडसोबत त्यांनी काम केलं आणि २०१८ मध्ये लिव्हरपूलचे तेव्हाचे प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांनी त्यांना तिकडे बोलावलं.

हा वेडेपणा नाही, नियमात बसणारी युक्ती आहे. थ्रो-इनवरून थेट मिळालेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो. म्हणजे उंच बचावपटू आणि आघाडीपटू थेट गोलरक्षकाच्या अंगाला भिडून उभे राहू शकतात. चेंडू हाताने टाकलेला, त्यामुळे नेम कॉर्नरपेक्षा पक्का. पुढच्या वेळी सामना बघाल तेव्हा हे बघा: चेंडू रेषेबाहेर गेला की मागचा उंच बचावपटू सावकाश पुढे यायला लागतो, टाकणारा चेंडू टॉवेलने कोरडा करतो, चार-पाच पावलं मागे जातो. त्याआधीच गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्रात कोण पहिला उडी मारणार, कोण मागच्या खांबाकडे सुटणार, कोण गोलरक्षकाची वाट अडवणार हे ठरलेलं असतं.

कॉर्नर आणि फ्री-किकचंही तसंच. मिट्युलँडमध्ये या ठरलेल्या चालींवर काम केलेले माड्स बुटगेराइट पुढे डेन्मार्कच्या आणि मग जर्मनीच्या राष्ट्रीय संघात याच कामासाठी गेले.

११. ब्रेंटफर्डशी अजून संबंध आहे का? आता मालक कोण?

मालकीचा संबंध संपला. आंकर्सन २०२१ च्या अखेरीस दोन्ही क्लब सोडून गेले आणि साउदॅम्प्टनचे नवे मालक झालेल्या गटात सामील झाले. बेनहॅम यांनी २०२३ मध्ये आपला हिस्सा आंदर्स होल्क पोव्ल्सन यांना विकला. पोव्ल्सन म्हणजे बेस्टसेलर या कापड कंपनीचे मालक. जॅक अँड जोन्स, व्हेरो मोडा, ओन्ली हे ब्रँड त्यांचे, आपल्याकडच्या मॉलमध्येही दिसतात. कंपनीचं मुख्यालय ब्रांडे गावात, आणि ब्रांडे येतं इकास्ट-ब्रांडे नगरपालिकेत. म्हणजे लंडनच्या हातातून क्लब पुन्हा त्याच माळरानावरच्या माणसाकडे आला.

१२. मँचेस्टर युनायटेडकडून मार्कस रॅशफर्डचा पहिला सामना याच संघाविरुद्ध होता ना?

हो, २५ फेब्रुवारी २०१६, ओल्ड ट्रॅफर्ड. पण लोकांना तेवढंच आठवतं. आठवडाभर आधी हर्निंगमध्ये मिट्युलँडने मँचेस्टर युनायटेडला २-१ ने हरवलं होतं. मेम्फिस डेपायने युनायटेडला पुढे नेलं, सिस्टोने बरोबरी साधली आणि ओनुआचूने विजयी गोल केला. परतीच्या सामन्यातही पहिला गोल सिस्टोचाच. सामन्याआधीच्या सरावात अँथनी मार्शियालला दुखापत झाली म्हणून रॅशफर्ड आत आला, त्याने दोन गोल केले आणि निकाल ५-१ लागला.

त्या मोसमात मिट्युलँडने पात्रता फेरीत साउदॅम्प्टनला बाहेर काढलं होतं, हेही लक्षात असू द्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टला त्यांच्या मैदानावर ३-२ ने हरवलं, तो याच मालिकेतला विजय.

चॅम्पियन्स लीगच्या गटात ते एकदाच पोहोचले, २०२०-२१ मध्ये. स्लाव्हिया प्रागला ४-१ ने हरवून आले, समोर लिव्हरपूल, अयाक्स आणि अटलांटा. दोन बरोबरी, दोन गुण. लिव्हरपूलशी घरचा सामना १-१.

१३. एफसी कोपनहेगनही विलीनीकरणातून झाला ना? मग फरक काय?

झाला, १ जुलै १९९२ ला. केबी (स्थापना १८७६) आणि बी १९०३ यांच्यातून. केबीकडे १५ लीग विजेतेपदं होती, बी १९०३ कडे ७. बी १९०३ ने विलीनीकरणाआधीच्या मोसमात यूएफा चषकात बायर्न म्युनिकला ६-२ ने हरवलं होतं. एवढा वारसा असूनही नव्या क्लबने आपली मोजणी शून्यापासून केली. २०२५ पर्यंतची त्यांची १६ विजेतेपदं ही सगळी १९९३ पासूनची. म्हणून ‘कोपनहेगनने ३८ लीग जिंकल्या’ असं कुणी म्हणालं तर ते चूक.

फरक असा की तिथे मोठी नावं आणि मोठं शहर होतं, राष्ट्रीय स्टेडियम पार्केन होतं. सुपरलीगातली जागाही बी १९०३ कडून आयती मिळाली आणि पहिल्याच मोसमात विजेतेपद आलं. मिट्युलँडला दुसऱ्या श्रेणीतून वर यावं लागलं.

१४. २०२४ मध्ये लीगच्या शेवटच्या दिवशी काय झालं होतं?

शेवटच्या फेरीआधी ब्रॉन्बी आणि मिट्युलँड यांचे गुण समान होते. ब्रॉन्बी घरच्या मैदानावर आर्हुसच्या एजीएफकडून २-३ ने हरला. मिट्युलँडने सिल्केबोर्गशी ३-३ बरोबरी केली. मिट्युलँड ६३, ब्रॉन्बी ६२. २०१८ मध्येही मिट्युलँडने ब्रॉन्बीलाच मागे टाकलं होतं, त्यामुळे ब्रॉन्बीच्या समर्थकांसमोर हा विषय जपून काढा.

१५. महिला हँडबॉलमध्येही एफसी मिट्युलँड दिसतो. तोच क्लब का?

काही वर्षं तेच नाव होतं. इकास्टचा महिला हँडबॉल संघ मजबूत, आणि त्याने मिट्युलँडच्या नावाने २०११, २०१३ व २०१५ मध्ये डॅनिश विजेतेपदं मिळवली. पुढे तो फुटबॉल क्लबपासून वेगळा झाला. आज त्याचं नाव इकास्ट हँडबॉल. जुन्या बातम्या वाचताना साल बघा, नाहीतर फुटबॉलच्या यादीत हँडबॉलची पदकं मिसळतात.

१६. स्टेडियम किती मोठं आहे? तिथे जाऊन सामना बघता येईल का?

एमसीएच अरेनात सुमारे १२ हजार प्रेक्षक मावतात. मार्च २००४ मध्ये पहिला सामना झाला, एबी संघाविरुद्ध ६-० असा. गोलमागच्या भागात उभं राहून बघायची सोय आहे, पण युरोपीय सामन्यांना तिथे खुर्च्या बसवाव्या लागत आल्यामुळे क्षमता घटते आणि तिकिटं लवकर संपतात. लीगचा सामना निवडलात तर सोपं पडेल. जवळचा विमानतळ बिलुंड, लेगोलँडचं गाव. व्हिसा शेंगेनचा.

१७. भारतातून सामने किती वाजता दिसतात, आणि मधेच दोन महिने सामने का नसतात?

डेन्मार्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे. लीगचे रविवारचे सामने आपल्या संध्याकाळी आणि रात्री येतात. युरोपा लीगचा गुरुवारचा उशिराचा सामना ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत रात्री साडेबाराला सुरू होतो, त्यानंतर मार्चअखेरपर्यंत दीडला.

डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत थंडीमुळे लीग बंद असते. त्यामुळे युरोपात पुढे गेलेला डॅनिश संघ वर्षाच्या सुरुवातीला स्पर्धात्मक सामन्यांच्या सरावाशिवाय उतरतो. वर दिलेला युनायटेडविरुद्धचा विजय तशाच सुट्टीनंतरचा होता. लीगमध्ये १२ संघ आहेत. २२ फेऱ्यांनंतर वरचे सहा आणि खालचे सहा वेगळे होऊन आणखी दहा-दहा सामने खेळतात, आणि गुण तसेच पुढे जातात. म्हणून मार्चमध्ये सातवा असलेला संघ कितीही जिंकला तरी त्या मोसमात विजेता होऊ शकत नाही.